आईच्या चालीनं चीन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आई ७१ वर्षांची, मूळची सोलापूरची. "चीनला गेलो तर तुला काय बघायचंय?" असं मी विचारलं तेव्हा ती भिंतीचं नाव घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "डॉक्टर कोटणीसांच्या समाधीवर फूल वाहायचंय." कोटणीस हे सोलापूरचेच, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेलेले आणि तिथंच वारलेले डॉक्टर. मग चीनची भिंत, बीजिंगचा जुना राजवाडा, शिआनजवळ सापडलेली मातीच्या सैनिकांची प्राचीन फौज हे सगळं त्या एका फुलाच्या मागेपुढे बसवलं.

आई-वडिलांना घेऊन चीनला निघणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच, की नकाशा उघडायच्या आधी त्यांना विचारा. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट पक्की धरा आणि बाकीची सहल तिच्याभोवती आखा. दुसरं सांगणं दिवसाचं. सकाळी एक ठिकाण, दुपारी हॉटेलात आडवं होणं, संध्याकाळी जमलं तर जवळपास फेरफटका. चीनमधली ठिकाणं अवाढव्य आहेत. राजवाड्याच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडायचं म्हटलं तरी सरळ रेषेत जवळजवळ एक किलोमीटर होतो, आणि सरळ रेषेत कुणीच चालत नाही.

तारखा

१ ते ७ ऑक्टोबर, चिनी नववर्ष (जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी) आणि १ मेच्या आसपासची सुट्टी, हे तीन काळ टाळा. तेव्हा अख्खा चीन फिरायला बाहेर पडलेला असतो. रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला उभं करवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बीजिंग आणि शिआन दोन्ही भाजून निघतात, हिवाळ्यात बीजिंगचा पारा शून्याखाली जातो.

एप्रिल चांगला. पण आपल्यासाठी सगळ्यात सोयीचे दिवस म्हणजे १० ऑक्टोबरनंतरचे तीन-चार आठवडे. हवा कोरडी आणि गार, आकाश बहुतेक वेळा स्वच्छ. दिवाळीची सुट्टीही त्याच सुमारास येते.

पहिल्याच सहलीत ल्हासा जोडू नका. ते साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे, त्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि रक्तदाबाच्या माणसाला तिथं नेणं हा वेगळ्या तयारीचा विषय आहे.

व्हिसा आणि विमान

व्हिडिओंमध्ये "२४० तास व्हिसाशिवाय चीन" असं दिसतं. ती सवलत ठराविक देशांच्या पासपोर्टना आहे आणि त्या यादीत भारत नाही. आपल्याला पर्यटक व्हिसा काढावाच लागतो. त्याची अर्ज केंद्रं मुंबई, दिल्ली आणि कोलकात्यात आहेत. आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग पासपोर्ट आणि कागद जमा करायचे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी आणि कोरी पानं हवीत. सोबत फोटो, विमान-हॉटेलचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट. प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी हे काम उरकून टाका.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: आईच्या पासपोर्टवरचं नाव. आपल्याकडच्या पुष्कळ बायकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत असतं. व्हिसा, विमान, रेल्वे, राजवाड्याचं तिकीट, सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टसारखंच लागतं. आमच्या एजंटनं रेल्वेच्या एका तिकिटावर आईचं नाव उलटसुलट टाकलं. ते निस्तरायला स्टेशनच्या खिडकीपुढे पाऊण तास गेला आणि ठरलेली गाडी डोळ्यांदेखत सुटली. तेव्हापासून प्रत्येक बुकिंग मी पासपोर्ट शेजारी ठेवून स्वतः वाचते.

२०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तरी महाराष्ट्रातून निघणाऱ्याला बहुतेकदा कुठंतरी विमान बदलावं लागतं, मग ते दिल्ली असो, हाँगकाँग, सिंगापूर किंवा बँकॉक. मध्ये तीन तास तरी ठेवा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. "मी काय आजारी आहे का?" असं आई म्हणेल. बीजिंगच्या विमानतळावरचं अंतर पाहिल्यावर तिचा आग्रह मावळतो. चीनमध्ये घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, त्यामुळे औषधांच्या वेळा पहिल्याच दिवशी सरकवून घ्या.

फोन आणि पैसे

चीनमध्ये गूगल, व्हॉट्सअॅप, यूट्यूब हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. पण आपल्या भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर चालतात, कारण त्या डेटाची वाट आपल्या कंपनीमार्फत जाते. आईच्या फोनवरही रोमिंग घ्या. घरी नातवाला व्हिडिओ कॉल झाला नाही तर तिचा जीव लागत नाही, आणि दोघींची चुकामूक झाली तर तोच एक धागा असतो. बँकेचा ओटीपीही त्याच सिमवर येतो.

पैसे म्हणजे फोनच. भाजीवाल्यापासून संग्रहालयापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड. आपल्याला यूपीआयची सवय असल्यानं हे अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. वीचॅट या चिनी अॅपवरूनही तिथं पैसे देतात, पण त्यावर भारतात २०२० पासून बंदी आहे. म्हणून आम्ही सगळा व्यवहार अलीपे या दुसऱ्या चिनी अॅपवर केला. त्यात आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आधी चालू करून ठेवा. एका वेळी २०० युआनपर्यंतच्या खर्चावर जादा आकार लागत नाही, त्यापुढे ३ टक्के लागतो. युआन म्हणजे साधारण १२-१३ रुपये. कार्ड अडलंच तर हाताशी असावेत म्हणून पाचशे-सातशे युआन रोख ठेवा, त्यातले थोडे आईच्या पर्समध्ये.

टॅक्सीसाठी दीदी ही सेवा अलीपेच्या आतच उघडते. ड्रायव्हरचा चिनी निरोप अॅप भाषांतर करून दाखवतं. नकाशासाठी गाओद, म्हणजेच अमॅप, वापरा. भाषांतराचं अॅप निघण्यापूर्वी चिनी भाषेसह ऑफलाइन उतरवून घ्या.

हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी लिपीत छापलेलं कार्ड रिसेप्शनवर मिळतं. पहिलं काम ते घेण्याचं. एक कार्ड आईच्या कमरेच्या पिशवीत, तिच्या औषधांच्या यादीसोबत. हॉटेल निवडताना ते परदेशी पाहुणे घेतं ना, याची बुकिंगआधी खात्री करा. छोटी हॉटेलं कधीकधी दारातून परत पाठवतात.

तिकिटं कधी काढायची

बीजिंगचा जुना राजवाडा, ज्याला आपण निषिद्ध नगरी म्हणतो, त्याची तिकिटं सात दिवस आधी बीजिंगच्या रात्री ८ वाजता खुली होतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. रोजची संख्या ठरलेली असते आणि चांगल्या मोसमात ती झटकन संपतात. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४०. सोमवारी राजवाडा बंद असतो. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं, दारात पासपोर्टच दाखवायचा. त्यामुळे मूळ पासपोर्ट रोज अंगावर लागतो. वय ६०च्या वर असेल तर सवलत आहे का, हे प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट दाखवून विचारा.

रेल्वेची तिकिटं १५ दिवस आधी मिळतात. रेल्वेचं १२३०६ हे अॅप इंग्रजीत आहे, पण त्यात पासपोर्टची पडताळणी करून घ्यावी लागते, म्हणून महिनाभर आधीच खातं उघडा. थोडा आकार देऊन ट्रिप डॉट कॉमवरूनही काढता येतात. दुसऱ्या वर्गात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसनं असतात, पहिल्या वर्गात दोन-दोन. लांबच्या प्रवासात आईसाठी पहिल्या वर्गाचे जास्तीचे पैसे मी आनंदानं दिले.

स्टेशनं विमानतळाएवढी असतात. गाडीच्या तासभर आधी पोहोचा. दारात सामानाची तपासणी, मग प्रतीक्षागृह, मग फलाटाचं गेट. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं आणि मग कुणासाठी उघडत नाही. परदेशी पासपोर्ट यंत्रावर चालला नाही तर शेजारी कर्मचारी बसलेली रांग असते, तिकडे जा. प्रतीक्षागृहात सेवा कक्ष असतो. तिथं आईकडे बोट दाखवून भाषांतराच्या अॅपवर "चालायला त्रास होतो" एवढं दाखवलं तर वेळेवर लिफ्टनं खाली नेतात.

बॅगेत काय, काय नाही

आईचा अडकित्ता घरी ठेवा. फळं कापायची सुरीही. विमानात ती मोठ्या बॅगेत टाकून जाते, पण चीनमध्ये रेल्वे आणि मेट्रोतही प्रत्येक बॅग यंत्रातून जाते, चाकाची मोठी बॅगसुद्धा. चीनमधल्या देशांतर्गत विमानात जाणार असाल तर पॉवर बँकेवर ३सी ही चिनी खूण लागते. जून २०२५ पासून खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नको. प्रवासाच्या विम्यात रक्तदाब, मधुमेह जे असेल ते खरं लिहा, नाहीतर ऐन वेळी विमा हात वर करतो. रुग्णवाहिकेसाठी १२०, पोलिसांसाठी ११०.

थर्मास मात्र नक्की घ्या. चीनमध्ये लोक गरम पाणीच पितात. रेल्वेच्या डब्यात, स्टेशनवर, विमानतळावर उकळत्या पाण्याचे नळ असतात आणि हॉटेलच्या खोलीत किटली. गरम पाण्याला चिनीत साधारण "काय श्वेय" म्हणतात. "काय"नं सुरू होतं म्हणून आईच्या पहिल्या दिवशीच लक्षात राहिलं. पुढं कुठल्याही हॉटेलात गेलो की ती थर्मास पुढं करून स्वतः म्हणायची, आणि वाढणाऱ्या मुली लगबगीनं भरून आणायच्या.

टिश्यू पेपरही भरपूर ठेवा. सार्वजनिक शौचालयं बहुतेक आपल्या जुन्या पद्धतीची, उकिडवं बसण्याची. गुडघेदुखी असेल तर अपंगांसाठीचं वेगळं शौचालय शोधा, तिथं कमोड असतो.

शाकाहारी आईचं जेवण

चीनमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहतो हे खरं नाही. मात्र भाजीत डुकराची चरबी, ऑयस्टर (कालवांचा) सॉस किंवा मांसाचं पाणी असू शकतं आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. म्हणून एक कागद चिनीत लिहून घ्या: मांस, मासे, अंडं, प्राण्यांची चरबी, ऑयस्टर सॉस, मांसाचा रस, यातलं काहीही नको. हॉटेलच्या रिसेप्शनवर कुणीही लिहून देतं. तोंडी "वो छ्र सू", म्हणजे मी शाकाहारी आहे.

बटाट्याचा बारीक कीस व्हिनेगरवर परततात, त्याला "तुदौ स" म्हणतात. वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरचीची "दी सान श्यान" तर आईनं तीनदा मागवली. सकाळी सोयाबीनचं गरम दूध आणि मांथौ, म्हणजे वाफवलेले पाव. रस्त्यावर भाजलेली रताळी, उकडलेली कणसं. मापो तोफू (तोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर) नावानं फसवतो, त्यात बहुधा खिमा असतो. परतलेल्या फरसबीच्या शेंगांतही असतो.

बौद्ध मंदिरांजवळ शुद्ध शाकाहारी जेवणाच्या जागा असतात. तिथं कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे ते न खाणाऱ्यांना निर्धास्त जेवता येतं. जैन मंडळींनी मात्र बटाट्यासारखी कंदमुळं नाहीत ना, ते विचारून घ्यावं. पण ताटात हुबेहूब मासळीसारखं काहीतरी येतं. ते सोयाबीनचं किंवा गव्हातल्या ग्लूटेनचं असतं, हे आईला आधीच सांगून ठेवा.

घरून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. सोलापूरच्या माणसाला याहून चांगली शिदोरी नाही, दहा दिवस टिकते. ताजी फळं, भाज्या, दूध-लोणी आणि बियाणं मात्र चीनमध्ये नेता येत नाही.

बीजिंग: चार दिवस

पहिल्या सकाळी राजवाडा नको, तियानथान म्हणजे स्वर्गमंदिराची बाग. तिथं गावातले म्हातारे-म्हाताऱ्या सकाळपासून जमतात. कुणी संथ व्यायाम करतं, कुणी पत्ते कुटतं, कुणी गळा मोकळा सोडून गातं. एक आजोबा पाण्याच्या बादलीत हातभर लांबीचा कुंचला बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. चौथं अक्षर होईपर्यंत पहिलं उन्हानं वाळून नाहीसं व्हायचं. आई अर्धा तास शेजारी उभी होती. त्यांनी कुंचला तिच्या हातात दिला, तिनं "श्री" काढला. आजोबांनी तो नीट निरखला, मान डोलावली आणि त्याच्या शेजारी तसाच काढून दाखवला. माझ्या मते तिची चीनशी ओळख तिथं झाली. गोल छताचं मंदिर आम्ही नंतर पाहिलं, तेही सुंदर आहे.

राजवाड्यासाठी दुसरा दिवस. राजवाड्यासमोरच्या थिआनमेन चौकासाठी वेगळी नोंदणी, वेगळी रांग. आम्ही तो सोडला. टॅक्सीनं पूर्वेच्या तोंगहुआमन दाराशी उतरा आणि खंदकाच्या कडेनं दक्षिणेच्या मुख्य दाराकडे चालत जा. प्रवेश दक्षिणेकडूनच असतो. आत सावली कमी, पायऱ्या पुष्कळ. मधल्या मोठ्या दालनांवर दमण्यापेक्षा ती बाहेरून पाहून बाजूच्या चौकांत वळा. तिथं बाकं आहेत, झाडं आहेत, गर्दी पातळ होते.

भिंतीसाठी तिसरा दिवस आणि तोही अख्खा. भिंतीच्या बादालिंग या भागापर्यंत थेट जलद रेल्वे जाते, पण गर्दीही तिथंच सर्वांत जास्त. म्हाताऱ्या माणसाबरोबर मी मुथियान्यू सुचवेन. ते बीजिंगपासून ७० किलोमीटरवर आहे. दिवसभरासाठी गाडी ठरवा. पायथ्याशी आतली बस घ्यायची, मग बंद डब्यांचा रोपवे. रायगडाच्या रोपवेत बसलेली आई इथं घाबरत नाही. तो क्रमांक १४ च्या बुरुजाशी सोडतो. दुसरी उघड्या खुर्च्यांची दोरी क्रमांक ६ ला जाते. ती चालत्या खुर्चीवर बसायची असते, गुडघेवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. १४ वरून २० कडे खडा चढ आहे, तिकडे तरुणांनी जावं. आईनं दोन बुरुजांइतकं अंतर चालून पाहिलं. पायऱ्या कुठं वीतभर, कुठं गुडघाभर उंच आहेत. काठी हवीच. मग ती बुरुजाच्या सावलीत बसली आणि मला म्हणाली, "तू जा वर, मी इथून बघते."

चौथा दिवस रिकामा ठेवा. तो लागतोच.

शिजियाझुआंग: कोटणीसांकडे

बीजिंग पश्चिम स्टेशनावरून शिआनला जाणाऱ्या अनेक जलद गाड्या शिजियाझुआंगवरूनच जातात. त्यामुळे वाकडी वाट न करता तिथं उतरता येतं. बीजिंगहून तास-सव्वा तास, दीड धरा. सकाळी उतरायचं, सामान स्टेशनच्या सामानघरात ठेवायचं, आणि दुपारच्या गाडीनं पुढं. दोन वेगवेगळी तिकिटं काढा आणि मध्ये पाच तास ठेवा.

कोटणीसांची समाधी जिथं आहे, ते उत्तर चीनच्या हुतात्म्यांचं स्मारक उद्यान शहरातच आहे. पत्ता चिनीत टॅक्सीवाल्याला दाखवा. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी ३२व्या वर्षी तिथंच गेले. त्यांच्या चिनी पत्नीचं नाव क्वो छिंगलान, मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. कॅनडाचे डॉक्टर बेथून यांची समाधीही याच उद्यानात आहे.

फुलं दाराजवळ न मिळण्याची शक्यता धरून स्टेशनजवळच घ्या. आईनं पांढरी शेवंती घेतली होती. सोलापुरात कोटणीसांच्या घरी त्यांचं स्मारक आहे, तिथं ती जात आली आहे. इथं तिनं वाकून फूल ठेवलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ पुतळ्याकडे पाहत राहिली. अशा जागी पुढच्या गाडीची घाई नसावी, म्हणून ते पाच तास.

शिआन: तीन दिवस

मातीचे सैनिक शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले. तिकीट पासपोर्टवर, आधीच काढा. दारापासून विजेच्या गाड्या मिळतात, त्यात बसा. उत्खननाच्या पहिल्या खड्ड्याच्या कठड्याशी रेटारेटी असते. समोरची बाजू सोडून कडेनं मागं गेलात तर शांतपणे पाहता येतं. काचेच्या पेटीत गुडघा टेकून बसलेला एक धनुर्धर आहे. मागच्या बाजूला जा आणि त्याच्या जोड्याचा तळवा पाहा. टाके दिसतात, टाचेला आणि चवड्याला दाट, मध्ये विरळ. आईनं आयुष्यभर शिवणकाम केलं. ती म्हणाली, "जिथं झिजतं तिथं दाट घातलेत, बरोबर आहे." सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या माणसाचा जोडा!

शहराची तटबंदी जवळजवळ १४ किलोमीटरची, मिंग राजघराण्याच्या काळातली. वर सायकली मिळतात आणि बसून फिरायला विजेची गाडीही. दक्षिण दारातून संध्याकाळी चढा.

शेवटचा दिवस मोठ्या हंस पॅगोडासाठी. आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्यू एन त्संग, म्हणजे युआन श्वांग, भारतातून ६४५ साली इथं परतला. त्यानं आणलेले ग्रंथ ठेवायला ६५२ साली हा पॅगोडा बांधायला घेतला. तो महाराष्ट्रातही येऊन गेला होता. दुसऱ्या पुलकेशीचं राज्य त्यानं पाहिलं, आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत असं लिहून ठेवलं. हे आईला तिथं, त्याच्या पुतळ्यासमोर बसून सांगा. पॅगोड्यावर चढायचा जिना अरुंद आहे, तो सोडला तरी चालेल. बाहेर बाकं भरपूर आहेत. ऑक्टोबरात आलात तर मुस्लिम मोहल्ल्यातून पर्सिमन या फळाच्या गरम पुऱ्या आणा. घेताना आत काय भरलंय ते विचारून घ्या. त्या त्याच बाकावर बसून, थर्मासमधल्या पाण्यासोबत खाता येतात.